स्नॅगच्या पुढे

गेल्या दिवाळीत या सदरात हॅलिफॅक्सच्या १९१७ सालच्या स्फोटाबद्दल लिहिलं होतं. अंक वाचून दोघातिघांनी सांगितलं, "पूर्वेकडचं फार झालं, आता जरा आपल्या बाजूचं काहीतरी लिहा." म्हणून या वेळी थेट आपल्या एडमंटनच्या दारातून सुरू होणारी गोष्ट.

जुलैमध्ये आम्ही गाडीने युकॉनला गेलो. दोन हजार किलोमीटर, तीन दिवस, सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मागच्या सीटवर "अजून किती राहिलं?" असं दर अर्ध्या तासाने विचारणारा दुसरीतला मुलगा. व्हाइटहॉर्सच्या विमानतळाजवळ पोचलो तेव्हा समोर एका खांबावर अख्खं विमान दिसलं. खरंखुरं, दोन इंजिनांचं. वारा आला की ते सावकाश फिरायचं आणि वाऱ्याकडे नाक करून थांबायचं. जगातला सगळ्यात मोठा वातकुक्कुट म्हणून ते प्रसिद्ध आहे. १९८१ पासून तिथे उभं आहे.

मुलगा विमान फिरायची वाट बघत होता आणि मी त्याची हकीकत वाचत होते. शिक्षिकेची खोड, पाटी दिसली की वाचल्याशिवाय पाय निघत नाही. दुसऱ्या महायुद्धात हे विमान भारतातून हिमालय ओलांडून चीनला सामान पोचवायचं. ज्या मार्गाला वैमानिक 'हंप' म्हणजे 'उंटाचं मदार' म्हणायचे, त्या आसाम-चीन मार्गावरचं हे विमान. युद्ध संपल्यावर कॅनडात आलं, प्रवासी वाहून नेऊ लागलं, आणि शेवटी इथे वारा दाखवत उभं राहिलं. आपल्याआधी भारतातून इथे येऊन स्थायिक झालेलं कोणीतरी भेटावं, तसं वाटलं मला.

या जातीच्या विमानाला लष्करात सी-४७ म्हणायचे, ब्रिटिश आणि आपले लोक डकोटा म्हणायचे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हा शब्द चांगला ठाऊक होता. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले सैनिक श्रीनगरला उतरले ते डकोटातूनच. युद्धात ही विमानं दहा हजारांच्या आसपास बनली. युद्ध संपलं आणि विमानं उरली, ती चालवणारे पोरसवदा वैमानिक उरले, आणि युद्धाच्या घाईत बांधलेले विमानतळही उरले.

त्या विमानतळांची साखळी आपल्या शहरातून जायची. आज जिथे ब्लॅचफर्डची नवी वस्ती उभी राहते आहे आणि आपल्या मंडळातलीही काही कुटुंबं राहायला गेली आहेत, तिथे २०१३ पर्यंत विमानतळ होता. युद्धकाळात त्या धावपट्टीवर एका दिवसात आठशेहून अधिक विमानं आल्या-गेल्याची नोंद आहे. इथून ग्रँड प्रेअरी, फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स आणि पुढे अलास्का असा तो मार्ग. अमेरिकेने सोव्हिएत रशियाला दिलेली जवळजवळ आठ हजार विमानं याच वाटेने गेली. फेअरबँक्सला रशियन वैमानिक येऊन ती ताब्यात घ्यायचे. आपण ज्या अलास्का हायवेवरून सहलीला जातो, तोही १९४२ मध्ये या विमानतळांना जोडत बांधलेला आहे.

शांतता झाली म्हणजे धोका संपला, असं आपल्याला वाटतं. आकडे पाहिले की लक्षात येतं, तसं नव्हतं. १५ सप्टेंबर १९४६ ला, युद्ध संपून वर्ष उलटल्यावर, सॅस्कॅचवानमधल्या एस्टेव्हन इथे कॅनडाच्या हवाई दलाचं एक डकोटा उतरताना कोसळलं आणि त्यातले एकवीसही जण गेले. बहुतेक सगळे वैमानिक. काम अगदी साधं होतं. शिकाऊ वैमानिकांसाठी वापरलेली कॉर्नेल जातीची छोटी विमानं अमेरिकेला परत करायची होती. ती सरहद्दीपलीकडे मायनॉटला पोचवून मंडळी एकाच डकोटात बसून परत येत होती. घेतलेल्या वस्तू परत करण्याचं काम, युद्धाची आवराआवर. आपल्याकडे लग्नानंतर मांडववाल्याची भांडी मोजून परत करतात, तसं. त्या आवराआवरीत ही मुलं गेली.

पण त्यांना निदान जागा आहे. एस्टेव्हनचं नाव घेता येतं. १९५० च्या जुलैमध्ये पार उत्तर टोकाला अलर्ट इथे सामान टाकायला गेलेलं लँकेस्टर विमान पडलं. टाकलेल्या सामानाचं पॅराशूट शेपटीला अडकलं होतं. त्यातले नऊ जण गेले. त्यांची थडगी तिथेच, धावपट्टीजवळ आहेत. घरच्यांना जाता येणार नाही अशी जागा, पण जागा आहे. मी लिहिणार आहे ते ज्यांना तीही मिळाली नाही त्यांच्याबद्दल.

२६ जानेवारी १९५०. तारीख पाहून मी जराशी थबकले, कारण त्याच दिवशी तिकडे आपलं प्रजासत्ताक सुरू झालं होतं. इकडे अलास्कातल्या अँकरेजहून अमेरिकी हवाई दलाचं एक स्कायमास्टर मोंटानातल्या ग्रेट फॉल्सकडे निघालं. चार इंजिनांचं मोठं वाहतूक विमान. आत चव्वेचाळीस माणसं होती, आठ कर्मचारी आणि छत्तीस प्रवासी. बहुतेक सैनिक, आणि त्यांच्यात एक गरोदर बाई, कडेवर तान्हं मूल घेऊन घरी निघालेली.

त्या काळी विमान वाट कशी शोधायचं, हे मी परत आल्यावर वाचलं आणि वर्गात शिकवावं इतकं मला ते आवडलं. जमिनीवरून रेडिओच्या लहरी सोडायचे. वाटेच्या एका बाजूला मोर्सचं 'ए' अक्षर ऐकू यायचं, दुसऱ्या बाजूला 'एन'. दोन्ही एकमेकांत बरोबर मिसळली की कानात एक अखंड सूर लागायचा. सूर अखंड असेपर्यंत तुम्ही वाटेवर आहात. सूर तुटला आणि एखादं अक्षर वेगळं ऐकू आलं की समजायचं, आपण सरकलो. सपाट प्रदेशात हे छान चालायचं. डोंगरांमध्ये मात्र त्याच लहरी आपटून वाकायच्या आणि खोट्या वाटा दाखवायच्या. शिवाय जमिनीवरच्या माणसाला विमान दिसायचं नाही. ठरावीक ठिकाणावरून गेल्यावर विमान स्वतः सांगायचं, "मी इथे आहे," तेवढंच काय ते कळायचं.

स्कायमास्टरने असं शेवटचं सांगितलं ते स्नॅगवरून जाताना. स्नॅग म्हणजे युकॉनच्या पश्चिम कडेला असलेली एक छोटी धावपट्टी आणि हवामानाचं ठाणं. कॅनडातली सगळ्यात कडाक्याची थंडी तिथलीच, ३ फेब्रुवारी १९४७ ची, उणे ६३ अंश. त्या दिवशी थर्मामीटरवरचे आकडे संपले होते आणि तिथल्या माणसांना कानशीने खूण करून ठेवावी लागली होती. तर त्या स्नॅगवरून विमान गेलं, पंखांवर थोडा बर्फ धरतोय असं त्याने कळवलं. पंखावर बर्फ धरला की पंखाचा आकार बिघडतो, वजन वाढतं आणि उचल कमी होते. हे वैमानिकांच्या नेहमीच्या परिचयाचं होतं, आवाजात घाबरेपणा नव्हता. पुढच्या ठाण्यावरून काही कळवणं अपेक्षित होतं. ते आलं नाही. आजपर्यंत आलेलं नाही.

शोध मोठा झाला. योगायोगाने त्याच सुमारास कॅनडा आणि अमेरिकेच्या सैन्याचा 'स्वीटब्रायर' नावाचा संयुक्त हिवाळी सराव त्याच भागात व्हायचा होता. त्यामुळे विमानं आणि माणसं हाताशी होती. पाऊणशेहून अधिक विमानं आणि हजारो माणसं या कामाला लागली. 'ऑपरेशन माइक' असं त्याला नाव दिलं होतं. जानेवारी-फेब्रुवारीतला युकॉनचा दिवस तो केवढा! त्यात धुकं, बर्फ आणि पंखाखाली सगळं पांढरं. पांढऱ्यावर पडलेली पांढुरकी वस्तू दोन-तीन दिवस बर्फ पडला की दिसेनाशी होते. शोधणाऱ्यांचीच तीन विमानं तीन आठवड्यांत पडली, तिन्ही डकोटा जातीची. दैव एवढंच की त्यांतलं कोणी दगावलं नाही. एका विमानाचा वैमानिक तर बर्फातून कित्येक मैल चालत हायवेवर आला आणि जाणारी गाडी थांबवून त्याने मदत आणली.

आणि मग १४ फेब्रुवारीच्या सुमारास ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर दुसरं एक विमान हरवलं. बी-३६, अमेरिकेचं अवाढव्य बॉम्बफेकी विमान. त्यावर अणुबॉम्ब होता, फक्त आतला प्लुटोनियमचा गाभा नव्हता. त्याची तीन इंजिनं पेटली, बॉम्ब समुद्रावर टाकला गेला आणि सतरा जणांनी अंधारात उड्या घेतल्या. बारा वाचले. शोधाची विमानं स्कायमास्टर सोडून तिकडे धावली. त्यात चूक कुणाची म्हणायची? तिकडे जिवंत माणसं सापडण्याची आशा होती. थोड्या दिवसांनी स्कायमास्टरचा शोध पुन्हा सुरू झाला, पण फेब्रुवारी संपायच्या आत तो थांबवण्याचा हुकूम निघाला. पुढे १९५३ मध्ये बी-३६ चे अवशेष सापडले, तेही तिसऱ्याच एका हरवलेल्या विमानाला शोधताना. एकाला शोधावं आणि दुसरं हाती लागावं, हे त्या डोंगरात नेहमीचंच झालं होतं. स्कायमास्टर मात्र कुणालाच शोधताना सापडलं नाही.

पंचाहत्तर वर्षं झाली. ते कडेवरचं मूल आज असतं तर निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असतं. त्या चव्वेचाळीस जणांची मुलं, पुतणे, भाचे आता म्हातारे झालेत. कित्येकांनी तर त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं. तरी ते एकमेकांना शोधून भेटले, सरकारांना अर्ज केले. २०२२ मध्ये त्यांच्यावर 'स्कायमास्टर डाउन' हा माहितीपट आला. युकॉनचे हौशी वैमानिक अजूनही त्या दऱ्यांवरून नजर टाकत जातात.

मुलाने गाडीत विचारलं, "आई, ती माणसं आता मेली असणारच ना? मग शोधतात कशाला?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्याचं कारण घरातलं आहे.

माझ्या आजीचा थोरला भाऊ, तिचा दादा, मुंबईला गिरणीत कामाला होता. १९५० च्याच आगेमागे एका पावसाळ्यात त्याची पत्रं यायची थांबली. पणजोबा दोनदा मुंबईला जाऊन आले. खोलीवर दुसरेच लोक राहत होते. बारा वर्षं झाल्यावर गावच्या भटजींनी पालाशविधी करून टाका असं सुचवलं, म्हणजे पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. पणजी म्हणाली, "पानं जाळून मला काय कळणार?" आणि तिने करू दिलं नाही. रात्री ती दाराला कडी लावायची, पण अडसर घालू द्यायची नाही.

पणजीमागे आजीने ते वेगळ्या रीतीने चालवलं. धनत्रयोदशीला तिन्हीसांजेला आपण कणकेचा दिवा करून, वात दक्षिणेकडे करून यमाला लावतो, घरातल्या कोणाला अपमृत्यू येऊ नये म्हणून. आजी दोन लावायची. "एक घराचा, एक दादाचा." लहानपणी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पुढे कळलं की पितृपक्षात ती त्याच्या नावाचं पान कधीच वाढत नसे. यमदीप जिवंत माणसांसाठी असतो आणि पान गेलेल्यांसाठी. आजीने दादाला आयुष्यभर दिव्यात धरलं, पानात धरलं नाही. तिला काही वेड लागलं नव्हतं, चांगली व्यवहारी बाई होती ती. तिला फक्त एका बाजूला निर्णय द्यायचा नव्हता, कारण निर्णय देण्यासारखं तिच्या हाती कुणी काही ठेवलंच नव्हतं.

कायद्याने सात वर्षांनी माणूस मृत धरता येतो. सैन्याचा शोध तर काही आठवड्यांत थांबतो, आणि थांबायलाच हवा, कारण शोधणाऱ्यांचेही जीव असतात. पण घरातली माणसं कागदावर थांबत नाहीत. याची दोन उदाहरणं मला सापडली. २२ नोव्हेंबर १९५२ ला बावन्न जणांना घेऊन निघालेलं अमेरिकी हवाई दलाचं ग्लोबमास्टर विमान अलास्कात अँकरेजजवळच्या डोंगरावर आदळलं. जागा दिसली होती, पण बर्फाने लगेच सगळं गिळलं. साठ वर्षांनी, २०१२ मध्ये, खालच्या बाजूला हिमनदीने ते हळूहळू बाहेर काढलं. हिमनदी म्हणजे गोठलेलीच पण वाहणारी नदी. वर टाकलेलं ती कधीतरी खाली आणून देते. त्यातल्या बहुतेकांची ओळख पटली आणि ते आपापल्या गावी पोचले. दुसरं उदाहरण आपल्याकडचं. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं आपल्या हवाई दलाचं एएन-१२ हे विमान खराब हवामानामुळे मागे फिरलं आणि रोहतांगच्या परिसरात हरवलं. आत १०२ माणसं. २००३ मध्ये गिर्यारोहकांना त्याचे अवशेष सापडले आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आणखी चार देह मिळाले. छप्पन्न वर्षांनी ते तिरंग्यात गुंडाळून घरी आले. कुठे भाऊ होता, कुठे पुतण्या, त्यांनी अग्नी दिला. बातमी वाचताना मला वाटलं होतं, आता कशाला एवढ्या वर्षांनी तो घाव उघडायचा? आता तसं वाटत नाही.

कारण या फेब्रुवारीत आजी गेली. एक्याण्णव वर्षांची होती, सगळं रीतसर झालं, तक्रार करण्यासारखं काही नाही. मी इथे होते. सगळं फोनवर पाहिलं. मध्येच चित्र थांबलं, आणि परत आलं तेव्हा लोक परतत होते. आपल्यापैकी कितीजणांनी आपली माणसं अशीच पाठवली आहेत, मला माहीत आहे. अजूनही रविवारी सकाळी माझा हात फोनकडे जातो. मला सांगणारी माणसं खरी, जागा ठाऊक, दिवस ठाऊक, तरी ही गत. मग ज्यांना स्नॅगच्या पुढे काहीच कळलं नाही, त्यांनी काय करायचं?

मुलाला मी शेवटी एक दुसरी गोष्ट सांगितली. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात तीन माणसांचं एक छोटं विमान पडलं. त्यात एक बाप होता, विमानासकट हरवलेल्या आपल्या मुलाला शोधायला निघालेला. या वेळी मात्र विमानात एक छोटं यंत्र होतं. ते आपटलं की आपणहून हाक मारतं. ती हाक एका सोव्हिएत उपग्रहाने ऐकली. त्यानंतर अगदी ऐन शीतयुद्धात रशिया, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून नुकत्याच उभ्या केलेल्या यंत्रणेने जागा ठरवली आणि तिघंही जिवंत सापडले. उपग्रहाने वाचवलेली जगातली ती पहिली माणसं. ज्या वाटेने कधीकाळी रशियाला विमानं गेली, तिच्याच आसपासचे हे डोंगर. आज आपण ज्या विमानाने मुंबईला जातो, त्यातही अशी हाक मारणारी यंत्रं असतात. माणसं शोधून शोधून थकली, म्हणून हरवणाऱ्यालाच आवाज दिला गेला.

"मग त्या जुन्या विमानाला ते यंत्र नव्हतं?" त्याने विचारलं.

"नव्हतं."

"म्हणून शोधतात," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

हे लिहिते आहे तेव्हा दिवाळीला दीड महिना आहे. परवा आईचा साताऱ्याहून फोन होता. पितृपक्षात आजीचं पान वाढायचं, त्याबद्दल बोलता बोलता ती म्हणाली, "यमदीप यंदा दोन लावायचे का गं? दादामामा असता तर शंभरीला टेकला असता. आता पुरे करावं का?" मी म्हटलं, तू एक लाव. दुसरा मी इथे लावते.

आमच्या मागच्या डेकवर वारा फार असतो आणि त्या दिवसांत एडमंटनला शून्याखाली गेलेलं असतं, तेव्हा दिवा किती वेळ टिकेल सांगता येत नाही. बरणी आडवी ठेवून बघणार आहे. दक्षिण कुठे हे मुलाने कंपासने आधीच पाहून ठेवलंय.